डोमाजीची बोटं

देवीच्या साथीत डोमाजीचे दोन्ही डोळे गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पुढची वीस वर्षं नाचणगावच्या घरात त्याने तूर निवडली, दोर वळले, धाकट्या भावाची, बापूरावची, पोरं खेळवली. काम रगड, पण कमावता म्हणून त्याला कोणी धरत नव्हतं. ओट्यावर चार माणसं बसली की हसवायचं काम मात्र त्याचंच.

१९५४ च्या दिवाळीनंतर बापूराव कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन पुलगावला सरकी काढायच्या एका कारखान्यात, जीनमध्ये, निघाला. बैल धरायला डोमाजी सोबत गेला. आवारात बंड्यांची लांब रांग होती. वेळ जाईना म्हणून त्याने शेजारच्या बंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, एक सरकी काढून चावली आणि सहज बोलून गेला, "वरून कोरडा, मंधात पानी मारलं हाये."

बंडीवाला चिडला. जीनचा मालक शेठ जवळच उभा होता, त्याने बंडी रिकामी करवली. मधला कापूस खरंच ओला निघाला. आंधळ्याला हे कळलं कसं, असं शेठने विचारलं.

"कोरडी सरकी दाताखाली कटकन फुटते, शेठ. हे नुसती दबून राह्यली."

तीन दिवस पारखून शेठने त्याला येणारा कापूस तपासायला हंगामभरासाठी ठेवून घेतलं. डोमाजीने एकच अट घातली. जीनमधल्या डोळस पारख्याला जितकी मजुरी, तितकीच आपल्याला हवी. "तो डोळ्यानं पायते, मी बोटानं. मंग मले कमी काऊन?" शेठ हसला आणि कबूल झाला.

तिसऱ्या आठवड्यात बापूरावची बंडी आली. डोमाजीचा हात कापसात तळाशी गेला आणि तिथेच थांबला. ज्या घरात जन्मभर जेवला, त्याच घरचा माल. सगळे ऐकत होते. तो हळूच म्हणाला, "बापूराव, खालचा वाळवून आन."

बापूरावने बंडी वळवली. चार दिवस घरात अबोला होता. भावजय ताट पुढे सरकवून निघून जायची. पाचव्या दिवशी सकाळी बापूरावने अंगणात कापूस पसरला आणि भावाला हाक मारली, "दादा, आता पाय बरं." आंधळ्याला पाहायला सांगितलं म्हणून डोमाजीला हसू आवरेना. मग बापूरावही हसत सुटला.

पुढच्या हंगामात डोमाजीने गल्लीतल्या जिजाला सोबत नेलं. लहानपणापासून तिचा एक पाय वाळलेला. किडका, पिवळा कापूस वेचून वेगळा काढायच्या कामावर तिला ठेवा, असं त्याने सुचवलं. मुकादम म्हणाला, हिला नीट चालता येत नाही.

"बसूनच करायचं काम हाये," डोमाजी म्हणाला. "तिले चालाले काऊन लावता?"

जिजा कामावर लागली. पहिल्याच दिवशी ती मुकादमाशी भांडली, ढीग सावलीत हवा म्हणून. डोमाजी पलीकडून ऐकत होता, खुशीत.