सही वर की खाली

पाळणाघर चालवणाऱ्या मावशीला सगळी गल्ली मावशीच म्हणायची. छापखान्यामागे एक खोली, अकरा मुलं, चार गाद्या. मुलांच्या आया कापड गिरणीत पहिल्या पाळीला.

खोली भाड्याने घेतलेली होती पक्षाने. पक्ष फुटला. दोन झाले, दोन्ही डावे. करार संपत आला तेव्हा घरमालकाने कळवलं, दोन्ही सचिवांच्या सह्या एकाच कागदावर हव्यात. पंधरा दिवसांत. नाहीतर कुलूप.

"होईल की," मी म्हणालो. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, दोन्ही जाहीरनामे शेजारी ठेवून वाचले होते. म्हातारपणी पेन्शन, मोफत औषधं, घरं, पाळणाघरं. एक म्हणे पाळणाघर सरकारने चालवावं, दुसरा म्हणे वस्तीने. बाकी स्वल्पविरामासकट सारखं.

मावशीने एका पोराचं नाक पुसलं. "मग भांडतात कशावरून?"

साहित्यात पदवी घेऊनही मला सांगता येईना.

मावशीबरोबर मी दोघांकडेही गेलो. पहिले सचिव म्हणाले, "सही करतो. पण आमची वर. मूळ पक्ष आम्ही."

दुसऱ्यांनी चहा पाजला. "त्यांच्या खाली? मावशी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग शेजारी शेजारी करा," मावशी म्हणाली.

"शेजारी म्हणजे युती. त्याला समितीचा ठराव लागतो."

"समिती कधी बसणार?"

"पुढच्या महिन्यात. पाळणाघरांचं धोरण पहिलाच विषय आहे."

मला वाटलं, गंमत करतायत. चेहरा गंभीर होता. मावशी उठली. "माझी पोरंही पुढे कोण बसणार म्हणून बोचकारतात. पण ती दोन वर्षांची आहेत."

सोळाव्या दिवशी कुलूप लागलं. दोन्ही पक्षांनी निषेध केला. एकाने सकाळी, दुसऱ्याने दुपारी, एकमेकांची घोषणा कानावर पडू नये म्हणून. तीन आयांनी गिरणी सोडली. त्यांना निषेधाला बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

मावशी आता स्वतःच्या स्वयंपाकघरात चार मुलं सांभाळते. तिथे जागा तेवढ्यांचीच आहे.

निवडणूक आली. पहिले सचिव पत्रक घेऊन दारात उभे. "मावशी, पाळणाघर यंदा पान एकवर घेतलंय!"

"घ्या की. हेही घ्या." तिने ओलं मूल त्यांच्या हातात दिलं. "चड्डी बदला. समितीला विचारायचं असेल तर विचारून या."

त्यांनी मूल अंगापासून लांब धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कार्यकर्ता कुठे दिसतो का, ते.