पाठमोरे परीक्षक

डोंबिवलीत दर हिवाळ्यात व्हायोलिनची एक स्पर्धा होते. तिथे तीन परीक्षक असतात आणि त्यातल्या एकाची खुर्ची उलटी असते. दोघांची तोंडं रंगमंचाकडे, तिसऱ्याचं प्रेक्षकांकडे. पहिल्यांदा येणाऱ्या पालकांना वाटतं, कार्यकर्त्यांनी घाईत चुकीची लावली. एखादे उत्साही बाबा उठून ती सरळ करायलाही जातात. मग मागून कुणीतरी ओरडतं, "अहो, राहू द्या! ते भोईर सर आहेत, ते तसेच बसतात."

काळुराम भोईर खरंच तसेच बसतात. रंगमंचाकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. स्पर्धकांची नावं पुकारायची नाहीत, फक्त क्रमांक, ही अटही त्यांचीच. कारण विचारलं तर ते म्हणतात, "ठाण्या-कल्याणात व्हायोलिन वाजवणारे असे कितीसे आपण? स्टेजवर चढताना पोरगं कुणाच्या पाया पडलं, एवढं दिसलं तरी कुणाचं आहे ते कळतं. आणि एकदा कळलं की कान बिघडतो." बाकीचे परीक्षक यावर मान डोलावतात आणि आपल्या खुर्च्या सरळच ठेवतात. कौतुक करणं सोपं असतं हो, खुर्ची फिरवणं कठीण.

काळुराम मूळचे ठाण्याजवळच्या बाळकुमचे. आज बाळकुम म्हटलं की उंच इमारती आणि त्यांच्या गेटवरचे पहारेकरी डोळ्यांसमोर येतात, पण त्यांच्या लहानपणी तिथे भातशेती होती आणि वडील खाडीलगतच्या मिठागरात राबायचे. पुढे जमिनीला भाव आला. भाऊबंदांनी बंगले बांधले, दारात मोठ्या गाड्या उभ्या केल्या, हळदीला डीजे आणू लागले. काळुरामांच्या वाट्याला जे आलं त्यात त्यांनी एक साधा फ्लॅट घेतला, त्यातली मोठी खोली शिकवणीला दिली आणि उरलेल्या दोन खोल्यांत संसार केला. "एवढा पैका येऊन हा मेला तंतूच ओढत बसला," असं त्यांचे चुलते मरेपर्यंत म्हणत होते.

तंतू ओढायला त्यांना शिकवलं नौपाड्यातल्या सुमतीबाई नेने यांनी. काळुराम शाळकरी असताना वडिलांबरोबर त्या भागात घरोघर मीठ द्यायला जायचे. एका घरातून व्हायोलिन ऐकू आलं आणि पोरगं जिन्यातच बसून राहिलं. चार-सहा वेळा असं झाल्यावर सुमतीबाईंनी त्याला आत बोलावलं, मांडी घालून बसवलं, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवून दिलं आणि हातात गज दिला. पोराने गज ओढला. आवाज अर्थातच दार करकरल्यासारखा आला. पण गज टोकाशी पोचताच त्याचं मनगट आपोआप सैल झालं आणि तो शेवटचा सूर अलगद हवेत विरला.

"हे कुठून आणलंस रे?" बाईंनी विचारलं.

पोराला प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं. मिठागरात तो वडिलांच्या हाताखाली लाकडी फावड्याने मीठ ओढायचा. मीठ सावकाश, एका दमात ओढायचं आणि काठाशी आलं की हात सोडायचा. नाही सोडला तर फावडं खाली रुततं, चिखल वर येतो आणि पांढरंशुभ्र मीठ काळं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं बदलू आपण. हे मात्र तसंच ठेव."

ते त्यांनी ठेवलं. पुढे पुण्यात, कोलकात्यात, दोनदा तर जर्मनीतही त्यांच्या मैफली झाल्या. जाणकार त्या विरत जाणाऱ्या सुरासाठी जीव टाकायचे. कुणी त्याला खास शैली म्हणायचं, कुणी साधना. घरी आई, लक्ष्मीबाई, तेवढी खरं बोलायची. "आरं, तुजा बापूस मीठ खेचाचा, तू सूर खेचतंस. हात तोच हाय." आईंनी आता पंचाऐंशी ओलांडली आहे, पण या मतात फरक नाही.

शिकवण्यात काळुराम कडक. पहिलं वर्षभर फक्त तारा सुरात लावायच्या आणि लांब गज ओढायचा. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून ट्रॅफिक तुडवत आलेले आईबाप तिसऱ्या महिन्यात विचारतात, "सर, गाणं कधी बसवणार? सोसायटीच्या गॅदरिंगला वाजवायचं होतं." सर म्हणतात, "गॅदरिंग पुढच्या वर्षीही असेल." निम्मी मुलं गळतात. जी उरतात, त्यांच्या कानाशी सर वर्षानुवर्षं एकच वाक्य म्हणतात: "हात सोड. चिखल वर येऊ देऊ नको."

या उरलेल्यांतली सर्वांत गुणी म्हणजे अक्षदा. ठाकुर्लीची, वडील कारखान्यात फिटर. सातव्या वर्षी आली आणि अकरा वर्षं शिकली. सरांना मूलबाळ नाही. आपल्यानंतर हा हात हिच्याकडे जाणार, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही, कारण तोंडभर कौतुक करणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं.

मग एकदा कुणीतरी सरांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. लग्नाच्या संगीतात अक्षदा चमचमत्या कपड्यांत इलेक्ट्रिक व्हायोलिनवर सिनेमाची गाणी वाजवत होती आणि भोवती वऱ्हाडी नाचत होते. दुसऱ्या दिवशी ती शिकवणीला आली, तेव्हा सगळ्या मुलांसमोर सर म्हणाले, "गज विकायला काढलास? मग इथे कशाला येतेस?"

तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला होता आणि घर तिच्या त्या वाजवण्यावर चाललं होतं, हे सरांना बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. तोवर अक्षदा येईनाशी झाली होती. फोन करावा असं त्यांना खूपदा वाटलं. पण आधी तिने करावा, असंही वाटायचं. मोठी माणसं या बाबतीत लहान मुलांच्या वरताण असतात. अशी पाच वर्षं गेली.

यंदाची स्पर्धा पंचवीस वर्षांखालच्या मुलांसाठी होती. सभागृह भरलेलं. काळुराम उलट्या खुर्चीत बसले होते. शेजारी सरळ खुर्चीत कल्याणचे गुरुदत्त, त्यांचे तरुणपणापासूनचे स्नेही आणि स्वतः उत्तम वादक. त्यांच्या पलीकडे ठाण्याच्या एक गायिका. सकाळपासून पोरं एकामागून एक वाजवत होती. बहुतेकांना शेवटी जोरात पळायची घाई. सुसाट पळालं की टाळ्या पडतात, हे त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं.

क्रमांक नऊ पुकारला. तारा लागल्या, सावकाश, नीट. मुलतानी रागाची आलापी सुरू झाली. दोन-तीन ओळी झाल्या आणि वादक षड्जावर आला. गज टोकाशी गेला, मनगट सुटलं आणि सूर अलगद विरला.

काळुरामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. शिकवला अनेकांना, पण हा हात जगात दोघांचाच होता. एक त्यांचा स्वतःचा, मांडीवर पडलेला. म्हणजे मागे अक्षदाच बसली होती.

त्यांना काय वाटलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आधी आनंद झाला. मग लगेच राग आला. न सांगता, न भेटता आली. माझ्याच पाठीमागे बसून माझाच हात मला ऐकवते! आणि त्या रागाला एक सभ्य कारणही मिळालं: आपली म्हणून झुकतं माप दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. खरं तर त्यांनी तिथेच उठून सांगायला हवं होतं की, हा हात माझ्या ओळखीचा आहे, याला मी गुण देणार नाही. ते बसून राहिले. वादन संपलं आणि त्यांनी कागदावर सकाळपासूनचे सर्वांत कमी गुण लिहिले. कार्यकर्ता येऊन कागद घेऊन गेला.

टाळ्या चालू होत्या. त्यांनी डोळे उघडले. समोर प्रेक्षक होते आणि बाजूच्या दाराशी, भिंतीला टेकून, अक्षदा उभी होती. डोळे पुसत होती आणि टाळ्या वाजवत होती.

अक्षदा दारात आहे, तर मग मागे कोण? इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. वळून रंगमंचाकडे पाहिलं. तिथे दोन वेण्या घातलेली, फार तर तेरा वर्षांची एक मुलगी व्हायोलिन पुसून पेटीत ठेवत होती.

अक्षदा शिकवू लागली होती तर. आणि तिच्या शिष्येचे गुण आपण अक्षदावरच्या रागाने कापले. ही पोर आपण पाहिलीसुद्धा नव्हती.

"गुरुदत्त, माझा तो कागद परत मागव," ते कुजबुजले. "चुकलंय माझं."

गुरुदत्तांनी सगळं ऐकून घेतलं. "अरे, हळूच बदल ना आकडा. कुणाला कळणार आहे?"

"म्हणजे पुन्हा ओळखीने गुण दिल्यासारखंच. मघाशी ओळखीने कापले, आता ओळखीने वाढवू?"

"मग काय करतोस? तुझ्या त्या उलट्या खुर्चीचं नाव आहे अख्ख्या जिल्ह्यात. घालवशील."

सगळी वादनं संपली, निकालाची वेळ झाली, तसे काळुराम उठले आणि माइकपाशी गेले.

"मी पाठ करून बसतो, म्हणून तुम्ही मला निःपक्षपाती समजता," ते म्हणाले. "आज क्रमांक नऊ वाजवत असताना मला वाटलं, ही माझी एक जुनी विद्यार्थिनी. तिच्यावर माझा राग होता. त्या रागात मी गुण कमी दिले. वाजवणारी निघाली तिची शिष्या. माझे गुण यातून काढून टाका, बाकी दोघांचे धरा. आणि पुढच्या वर्षी या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा. माझी पाठ तेवढी फिरलेली होती, मन नव्हतं." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "अक्षदा, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून आजही सगळ्यांसमोर सांगतो. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

एवढ्या मोठ्या माणसाने एवढं सरळ बोलण्याची कुणालाच सवय नव्हती. मग गुरुदत्त खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागले आणि मागोमाग सगळे उठले. काळुरामांची मान मात्र खालीच होती.

क्रमांक नऊला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका मुंब्र्याच्या मुलाला गेलं आणि ते बरोबरच होतं, त्याने खरोखर सरस वाजवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर अक्षदा मुलीला घेऊन पुढे आली. सरांसमोर उभी राहिली. पाया पडायला वाकली, आणि त्यांनी तिला अर्ध्यावरच धरून उभं केलं.

"लग्नांत अजून वाजवते हां मी, सर," ती म्हणाली. तिला ते सांगायचंच होतं. "त्याच पैशांतून ठाकुर्लीला क्लासची खोली घेतलीय."

"वाजव," सर म्हणाले. "हात सोडून वाजव म्हणजे झालं." मग मुलीकडे वळले. "नाव काय गं तुझं?"

"समृद्धी."

"तो सूर शेवटी सोडतेस ना, कसा शिकलीस?"

"ताईंनी शिकवला. एक वर्ष तेच केलं. मी जाम बोअर झालेले." अक्षदाने डोळे वटारले, तशी ती घाईने म्हणाली, "पण मग जमायला लागलं. ताई सारखं बोलतात, हात सोड, चिखल वर येऊ देऊ नको."

काळुराम हसायला गेले आणि त्यांना हसता येईना.

"सर, पण कसला चिखल?" समृद्धीने विचारलं. "मी ताईंना विचारलेलं. त्यांना पण माहीत नाही. बोलल्या, अकरा वर्षं सरांकडे होते, पण त्यांना विचारायची हिंमतच नाही झाली."

सरांनी अक्षदाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. अकरा वर्षं त्यांनी तिला हात दिला होता, आणि तो कुठून आला हे एकदाही सांगितलं नव्हतं.

सभागृह रिकामं होत आलं होतं. कार्यकर्ते खुर्च्या एकावर एक रचत होते. काळुरामांनी आपली उलटी खुर्ची धरली, दोघींच्या समोर सरळ केली आणि बसले.

"बसा दोघी," ते म्हणाले. "माझे वडील मिठागरात कामाला होते."