दापोलीच्या विळीचा मस्कत दौरा

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मस्कतच्या विमानतळावर आमच्या घरातील एका ज्येष्ठ सदस्येस ताब्यात घेण्यात आले. सदर सदस्या फणसाच्या लाकडाची असून तिला पोलादी दात आहेत. तिने आजवर दापोली तालुका सोडलेला नव्हता.

आमची विळी हो! टोकाला खवणी असलेली, घडीची. माझी धाकटी बहीण नसीम मस्कतला मदिनत सुलतान काबूस भागात राहते. फोनवर ती रडकुंडीला आली होती. "आपा, इथे सगळं मिळतं गो, पण बूड टेकून नारळ खवायची विळी मिळत नाही." बहिणीचे अश्रू मला बघवत नाहीत. सामानाच्या बॅगेत दोन साड्यांमध्ये गुंडाळून विळी निघाली.

कस्टमच्या पडद्यावर ती तलवारीसारखी दिसली असावी. दोन अधिकारी गंभीर झाले. मी अभिनयाने नारळ खवून दाखवला, त्यावर ते अधिकच गंभीर झाले. तेवढ्यात पलीकडून एक अधिकारीणबाई आल्या. काळाभोर, तुकतुकीत रंग, डोक्याला नेटका स्कार्फ. त्यांनी विळी पाहिली आणि एकदम ओरडल्या, "म्बूझी!"

म्बूझी म्हणजे शेळी, हे मला नंतर कळलं. झांझिबारमध्ये नारळ खवायच्या ठेंगण्या पाटाला स्वाहिली भाषेत शेळी म्हणतात.

"तुम्ही झांझिबारच्या का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"नाही, दापोलीची."

"ते झांझिबारच्या कुठल्या बाजूला?"

"समोरच," मी म्हटलं. समुद्र ओलांडला की समोरच, खोटं काय त्यात? बाई हसल्या आणि विळी सुटली.

नसीमच्या शेजारीच झांझिबारी ओमानी कुटुंब राहतं. घरात सलमा, तिची मुलगी रय्या आणि सलमाची सासू, जिला सगळे बीबी (आजी) म्हणतात. तिघींचा रंग त्या अधिकारीणबाईंसारखाच. बीबीचे पूर्वज ओमानातून गलबताने झांझिबारला गेले, लवंगांच्या बागा केल्या, तिथल्याच बायकांशी संसार थाटले. त्या बायकांपैकी काही स्वतःच्या मर्जीने आल्या नव्हत्या, हेही बीबी आवाज न चढवता सांगते. पुढे तिथे अरबांविरुद्ध उठाव झाला, दिवस फिरले आणि बीबी कडेवर मूल घेऊन ओमानात 'परत' आली, जिथे ती जन्मात कधी आलेली नव्हती.

"तिकडे आम्ही अरब, इकडे आम्ही झांझिबारी," ती म्हणाली. तिची हिंदी झांझिबारच्या सिनेमागृहात शिकलेली, त्यामुळे साधं पाणी मागतानाही भरदार संवाद म्हटल्यासारखा वाटतो. आमचं दोघींचं तत्काळ जमलं.

दुसऱ्या दिवशी रय्या मला मत्रहला घेऊन गेली. एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला उघडेबोडके डोंगर आणि मधल्या बाजारात ऊद-लोबानचा असा धूर, की डास झाले तर तेही सुवासिक होतील. कापडाच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असलेले एक कच्छी शेठ होते. त्यांनी रय्याला अरबीत विचारलं, "कुठली?"

"मस्कतची."

"ते झालं. मूळची?"

रय्या कापडाची घडी उलटू लागली. मग शेठ माझ्याकडे वळले. मी नसीमशी फोनवर बोलत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. "बहनजी, मुसलमान हो ना? फिर मराठी कैसे बोलती हो?"

"पोटातून," मी म्हटलं. "तुम्ही गुजराती कुठून बोलता?"

रय्याला अर्थ सांगितला तेव्हा ती उंटांच्या मूर्तींच्या रांगेला टेकून हसली. पण परतताना गाडीत तिचा चेहरा उतरला. शुक्रवारी तिला बघायला इब्रीहून मुलाकडच्या बायका येणार होत्या. मुलगा तिच्याच ऑफिसात इंजिनीअर आणि तिला मनापासून आवडलेला. इब्री म्हणजे आतल्या वाळवंटी भागातलं जुन्या वळणाचं गाव. आधीचं एक स्थळ बघायला आलं, जेवलं आणि "मुलगी छान आहे, पण..." म्हणून गेलं. त्या 'पण'मध्ये रंग होता, भाषा होती, सगळंच होतं.

म्हणून सलमाने घराचं नाटक बसवलं होतं. कानीकपाळी ओरडून तिने बीबीला बजावलं, "शुक्रवारचा एक दिवस स्वाहिली नको. तो रंगीबेरंगी कांगाही (अंगाभोवती गुंडाळायचं छापील वस्त्र) नको. आणि नारळ तर अजिबात नको. वास जिन्यापर्यंत जातो." घरातली म्बूझी कपाटात कुलूपबंद झाली. स्वयंपाक अस्सल ओमानी: मसाल्याचा भात, मटण, हलवा, कहवा.

बीबी म्हणाली, "नारळाच्या दुधातली सुरमई नसेल, तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. आजी आजारी आहे म्हणून सांग. म्हणजे मुलगी आजारी घराण्यातली ठरेल."

शेवटचं वाक्य तर थेट पडद्यावरचं होतं.

आता शेजारच्या घरात एक दातेरी विळी मोकळीच बसलेली असताना मी स्वस्थ कशी बसणार? शुक्रवारी सकाळी बीबी मागच्या दाराने नसीमच्या स्वयंपाकघरात आली. मी विळीवर बसले, ती शेजारी खुर्चीत. नारळ खवताना ती माझ्या हाताकडे अशी बघत होती, जशी माझी सासू बघते. म्हणजे विश्वास न ठेवता.

दूध काढून झालं. बीबी वजू करून नमाजाला उभी राहिली आणि नसीम माझ्या कानाशी लागली. "आपा, सलमाची पोर आहे गो. वास गेला आणि लग्न मोडलं तर? जरा बेतानं."

माझाही धीर सुटला. रय्याचा गाडीतला चेहरा आठवला. सुरमईत घट्ट दूध मी निम्मंच घातलं आणि वर पाणी. दापोलीच्या पोरीने! अल्ला माफ करो, सासू करणार नाही.

दुपारी इब्रीच्या बायका आल्या. पुढे मुलाची आजी. नाकावर सोनेरी चकाकीचा ताठ मुखवटा (तिकडे त्यालाच बुरखा म्हणतात), त्यातून दोन डोळे आणि एकही शब्द नाही. मागे दोन सुना, त्याही मुक्या. कहवा फिरला. पेला हलवून परत दिला की 'पुरे' असा तिकडचा संकेत. मला कोणी सांगितला नव्हता, त्यामुळे मी पीत राहिले आणि सलमाची भाची ओतत राहिली. शेवटी रय्यानेच माझं मनगट धरून हलवलं.

कोणीच हसलं नाही. जेवण मांडलं गेलं. इब्रीच्या आजी दोन घास घेऊन थांबल्या. सलमाच्या कपाळावर घाम जमला होता.

आणि आतलं दार उघडलं. लाल-पिवळा कांगा नेसलेली बीबी हातात वाडगं घेऊन सरळ चालत आली आणि इब्रीच्या आजींसमोर ते ठेवून बसली. वास जिन्यापर्यंत नाही, पण बैठकीभर नक्कीच गेला. सलमाने डोळे मिटले. रय्या आपल्या हातांकडे बघत राहिली.

इब्रीच्या आजींनी मुखवटा जरासा उचलला. घास घेतला. चावला. थांबल्या. मग मुखवटा पुरता काढून मांडीवर ठेवला आणि बीबीकडे वळून फटकन काहीतरी बोलल्या.

स्वाहिलीत!

दोन्ही सुना दचकल्या. सासूला ही भाषा येते, हे त्यांना आजपर्यंत ठाऊक नव्हतं. बीबीने आधी छातीवर हात ठेवला, मग तोच हात इब्रीच्या आजींच्या मांडीवर आपटला. पुढे दोघी एकदमच बोलू लागल्या, कुठली गल्ली, कुणाची लेक, कुठली विहीर. झांझिबारमध्ये जन्मलेल्या त्या बाई लग्न होऊन इब्रीला आल्या आणि भाषा मनात बंद करून राहिल्या होत्या. रय्याला जवळ ओढून त्यांनी तिचं कपाळ चुंबलं. सलमा हसत-रडत हलवा वाढायला धावली. "काय म्हणाल्या गो त्या?" मी नसीमला विचारत राहिले, पण तिला तरी कुठे कळत होतं!

विळी बीबीकडेच राहिली, बदल्यात तिची म्बूझी नसीमला मिळाली. मी रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा सासूबाईंनी दारातच विचारलं, "विळी कुठाय?" मी म्हटलं, "तिचं मस्कतला स्थळ जमलं." आता किल्ले पाहिलेस का, वाळवंट पाहिलंस का, असं लोक विचारतात. मी दोन घरं पाहिली. एका घराने कपाटाला कुलूप लावलं होतं, दुसऱ्याने तोंडाला. आणि 'मूळची कुठली' विचारणाऱ्यांना द्यायचं उत्तर मी ऐकून आले, फक्त ऐकलं तेव्हा ते कळलं नव्हतं. निघताना विमानतळावर सोडायला आलेल्या रय्याला मी 'काय म्हणाल्या त्या?' असं पुन्हा विचारलं होतं. आधी तिला हसू आवरेना, मग तिने इब्रीच्या आजींचं ते वाक्य शब्दशः सांगितलं:

"अगं, नारळ एवढासाच? घाबरलात कुणाला?"