सगळे तुकडे सारखेच कसे?

एका निरपराध मुलीला मी कॉपीबहाद्दर ठरवलं होतं. तिचा गुन्हा काय, तर तिच्या प्रथिनांचे तुकडे एकमेकांसारखे दिसत होते. आज नातवंडांना सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र मी स्वतःला मोठी हेर समजत होते.

मुलुंडच्या एका कॉलेजात मी झूलॉजी शिकवायची. जर्नलमधल्या आकृत्या पोरं खिडकीच्या काचेवर धरून एकमेकांच्या छापायची आणि मी पकडायची. अख्ख्या वर्गाच्या झुरळाची डावी मिशी सारखीच वाकडी निघाली की समजायचं. या कलेचा मला इतका माज, की आमच्या विभागप्रमुख सरांनी त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या दहिसरच्या मुलीच्या प्रबंधाचं एक प्रकरण नजरेखालून घालायला दिलं, तेव्हा वाचण्याआधीच मी वास घ्यायला लागले.

पेशीलाही आतून सांगाडा असतो. त्यातली काही प्रथिनं लांबलचक असतात आणि एकाच ठेवणीचा तुकडा त्यांत पुन्हा पुन्हा येतो. कुठला तुकडा आकारावरून कुठल्या कुळात बसतो, ते ही मुलगी लावत होती. मी पानं उलटली. एका तुकड्याचं चित्र: तीन मळसूत्री दांड्या, शेजारी शेजारी. पुढच्या पानावर तेच. त्याच्याही पुढे तेच! एक प्रिंट दुसरीवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरली. कुठे केसभर फरक होता. म्हटलं, छापताना हात हलला असेल. प्रिंटरचा हात! धन्य माझी.

मग सगळंच संशयास्पद दिसायला लागलं. मी जवळ गेले की ही स्क्रीन का बदलते? डब्यातले घावणे मलाच का देते? तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती; सरांची सही झाली नाही तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. म्हणजे घाई. घाई म्हणजे कॉपी. मला पटलं बाई!

तिला एका शब्दाने न विचारता सरांकडे गेले. "एकच चित्र नाव बदलून लावलंय, सर. सही करू नका."

सरांनी तिला बोलावलं. तिने चित्रांकडे पाहिलंही नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि ती आम्लं एकेका अक्षराने लिहितात. दोन तुकड्यांची ती अक्षरं तिने एकाखाली एक मांडली. जुळणारी शोधावी लागत होती.

"अक्षरं बदलली तरी साखळीची घडी तीच राहते, आकार तोच येतो, सर," ती म्हणाली. "म्हणून तर हे एका कुळातले. चित्रं वेगळी आली असती तर माझी वाट लागली असती."

तरी मी डोळे बारीक करून विचारलंच, "आणि मी आले की स्क्रीन का बदलतेस गं?"

"लग्नाच्या साइटवर मुलं बघते, मॅडम."

सर खोकले आणि सही करून मोकळे झाले.

बाहेर पॅसेजमध्ये मी गुळमुळीत आवाजात म्हटलं, "अगं, तुझ्याच भल्यासाठी तपासत होते."

तिने फाइल काखेत मारली आणि म्हणाली, "मॅडम, सरांकडे जायच्या आधी मला विचारलं असतंत ना, तर मी शिकवलं असतं तुम्हाला."