आमच्या सेंटरमधली जळजळ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साचतात, पंख्यावर धूळ साचते तसे. मग एखाद्या लग्नात जेवताना शेजारचा माणूस विचारतो, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय? लेकरांना दिवसभर झुले देता?" आणि तो पंखा एकदम फुल स्पीडवर सुरू होतो!

तर आधी त्या माणसाला दिलेलं उत्तर. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. काही लेकरांना आवाज, स्पर्श, उजेड, गर्दी आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतात, काहींना फारच कमी. काहींना बटन लावणं, चमचा धरणं, एका जागी बसणं जमत नाही. आम्ही त्यांच्याशी खेळतो आणि खेळता खेळता ही रोजची कामं जमवून आणतो. सेंटर अमरावतीला, शनिवारी अकोल्याला. झुले आहेत, मोठाले बॉल आहेत, गाद्या आहेत. आणि एक गोष्ट आहे जी कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. जळणं! आमच्याकडे जो तो कोणावर तरी जळत असतो. मी धरून!

*

ओजस धामणगाव रेल्वेहून यायचा. या मुलाला सतत हालचाल हवी. झुल्यावर बसला की खूश, उतरवला की आकाशपाताळ एक. सोबत आई आणि मोठी बहीण तन्वी, तिसरीतली. तन्वी बाहेर बेंचवर दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि दाराच्या काचेतून आत बघत राहायची.

एक दिवस आईनं ओजसला सोडून तन्वीलाच आत आणलं. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, हिलेबी तेच झालं वाटते."

"काय झालं?"

"कुकरची शिटी झाली का कानावर हात ठेवते. चवड्यावर चालते. काल तर शाळेचा ड्रेस टोचते म्हणून काढून फेकला. दोन्ही लेकरं अशी असल्यावर मी काय करू?" आणि बाई रडायलाच लागली.

मी आईला बाहेर बसवलं आणि तन्वीला तपासलं. चेंडू झेलला, दोरीवर चालली, डोळे मिटून हातातली किल्ली ओळखली. मागून जोरात टाळी वाजवली तर काहीच नाही. मग तिला आठवलं आणि तिनं घाईघाईनं कानांवर हात ठेवले!

मी हळूच विचारलं, "तन्वी, झुल्यावर बसायचंय का तुला?"

तिनं एकदा झुल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण मले तर काहीच झालेलं नाई न, मॅडम!"

त्या दिवसापासून ओजसच्या सेशनची शेवटची काही मिनिटं तन्वीची. तिचे चवडे खाली टेकले, ड्रेस टोचायचा थांबला. आता बाहेरच्या बेंचवर बसून ओजस ओरडतो, "माहा झुला हाय तो!"

*

वरूडचा अद्वैत. घरची संत्र्याची बाग, आणि संत्रं सोललं की हा घरातून पळायचा! वासच सहन व्हायचा नाही. पाच वर्षांचा होईपर्यंत फक्त दुधात कुस्करलेली पोळी, तीही आजीच्याच हातून. आजीला लग्नकार्याला जाता येत नव्हतं, की माहेरी मुक्काम करता येत नव्हता.

आम्ही महिनोन् महिने त्याच्या मागे लागलो. आधी वास, मग बोट लावणं, मग जिभेचं टोक. जाड मुठीचा चमचा दिला. एक दिवस पठ्ठ्यानं आपल्या हातानं खिचडी खाल्ली! त्याच्या आईनं टाळ्या वाजवल्या, मी वाजवल्या. आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, "मॅडम, तो चमचा सापडून नाही राहिला."

दुसरा दिला. तोही गेला. तिसराही गेला. मला वाटलं, पोरगं फेकत असेल. मग एकदा आजीच्या औषधांच्या डब्यात गोळ्या शोधता शोधता सुनेला तिन्ही चमचे सापडले!

आजी स्वतःच माझ्यासमोर येऊन बसल्या. "हाव, म्याच लपवले. त्याच्या आबाजीनं मले जन्मात एवढं बोलावलं नाई जेवढं ह्या पोट्ट्यानं बोलावलं. आता त्याले माहा हात लागत नाई. तुमी त्याले खाणं शिकवलं न? आता मले रिकामं बसणं शिकवा!"

याचं उत्तर पुस्तकात नसतं. मी म्हटलं, "आजी, संत्रं अजून बाकी आहे. तुम्ही सोलून फोड त्याच्या ताटात ठेवायची. भरवायची नाही."

महिन्याभरानं आजींचा फोन आला. मागे सून असताना मुद्दाम मोठ्या आवाजात सांगत होत्या, "खाल्ली बरं का मॅडम फोड! पण म्या सोललेलीच खाते तो. मायनं सोललेली हातात धरत नाई!"

*

आता माझं. माझं नाव प्रज्ञा. आधी प्र, मग ज्ञ. कोणत्या आईबापानं हे ठेवलं असेल, असा प्रश्न आमच्या प्रत्येक लेकराला पडत असणार.

शर्विल नावाचा मुलगा माझ्याकडे दोन वर्षांपासून यायचा. बोलायचा नाही. त्याच्यासोबत गादीवर लोळले, त्याच्यासाठी बेडूक झाले, घोडा झाले. फळ काय मिळालं? एक शब्द. मला दारात पाहिलं की तो म्हणायचा, "टाटा!" मी येताना टाटा. जाताना काहीच नाही.

तरी मी खूश होते. सगळ्यांना सांगायचे, शर्विल मला बघून बोलतो म्हणून.

मग आमच्याकडे नेहा आली. नवी थेरपिस्ट, अकोल्याची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. पहिल्याच आठवड्यात शर्विलनं तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "ने-आ."

सगळं सेंटर गोळा झालं. त्याच्या आईनं नेहाला मिठी मारली. मीही मारली. मग मी आत गेले आणि कोणालाच नको असताना चहा ठेवला.

नेहा मागोमाग आली. म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? माझं नाव सोपं आहे हो!"

ती मनापासून समजूत घालत होती. त्याचाच जास्त राग आला!

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो पेपर बाजूला न करता म्हणाला, "तू आपलं नाव बदलून 'मामा' ठेव. सगळी लेकरं तेच आधी म्हणतात."

आजही शर्विल मला पाहून टाटा करतो. मीही करते. पण नेहाच्या सेशनच्या वेळी मला त्या खोलीत काहीतरी आणायला जायचंच असतं.

*

वेटिंग रूममध्ये दोन आया शेजारी बसायच्या. कबीरची आई आणि आर्याची आई. कबीर अखंड बोलायचा, कूलरचा ब्रँड, रेल्वेचे नंबर, सगळं. बसायचा मात्र कुठंच नाही. आर्या सांगाल तिथे शांत बसायची, पण तोंडातून शब्द नाही.

आर्याची आई म्हणायची, "तुमचं लेकरू किती गोड बोलते वो!"

कबीरची आई म्हणायची, "तुमची किती शांत बसते, बाप्पा!"

वरून गोड, आतून नुसता धूर! एक दिवस तो धूर बाहेर आला. कबीरच्या आईनं "हा जरा गप बसला तर बरं" म्हटलं आणि आर्याच्या आईचा तोल गेला.

"बोलून राहिला न? नशीब समजा! मी रात्रंदिवस वाट पाहून राहिली एका शब्दाची!"

"अन् मी पाठ टेकायची वाट पाहून राहिली! येता का माह्या जागी?"

"येते न!"

आणि दोघींनी खरंच, माझ्या डोळ्यांदेखत, लेकरं बदलली! सेशनला वेळ होता. एक आर्याला घेऊन कोपऱ्यात बसली, दुसरी कबीरच्या मागे अंगणात धावत सुटली.

अर्ध्या तासानं दोघी परत आल्या. आर्याच्या आईचे केस सुटलेले, चप्पल हातात. कबीरच्या आईनं आर्याचा हात धरलेला. डोळे लाल.

आर्याची आई धापा टाकत म्हणाली, "ताई, तुमी हे रोज करता?"

कबीरची आई म्हणाली, "अन् तुमच्या घरात रोज एवढं सामसूम असते?"

*

अकोल्यात एक वकील साहेब आहेत. कोर्टात आवाज असा की पंखे थांबावेत. त्यांची चार वर्षांची इरा त्यांना जवळ येऊ द्यायची नाही. त्यांनी गालावरून हात फिरवला की चटका बसल्यासारखी पळायची. आईला मात्र बिलगायची. सोफ्याच्या उशीलाही बिलगायची.

वकील साहेब माझ्यासमोर बसून म्हणाले, "मॅडम, बायकोचं समजू शकतो. पण उशी? माझ्यापेक्षा उशी बरी?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही तिला फार हळू हात लावता. तिला हलका स्पर्श टोचतो. घट्ट दाब आवडतो. उशी दाबली जाते, म्हणून उशी आवडते."

"म्हणजे मी चार वर्षं प्रेम करत होतो ते तिला टोचत होतं?"

मी इराला पातळ गादीत गुंडाळलं, डोकं बाहेर ठेवून, पोळीचा रोल करतात तशी. आणि मोठा बॉल तिच्या पाठीवर फिरवून वकील साहेबांच्या हातात दिला. ते घाबरत घाबरत फिरवू लागले. गादीतून आवाज आला, "जोलात!"

त्यांनी थोडा जोर लावला.

"बाबा, जोलात!"

वकील साहेबांनी काळा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गुडघे टेकून बसले. बॉल फिरवताना नाक ओढत होते.

पुढच्या शनिवारी त्यांची बायको एकटीच आली. जरा फुरंगटूनच म्हणाली, "आता मला म्हणते, आई, तुला दाबता येत नाही. बाबाला बोलव! आणि हे महाशय घरभर मिशीला पीळ देत फिरून राहिले!"

*

आणि सुनीताताई. नांदगाव पेठला राहणाऱ्या. नवरा तिथल्याच कापडाच्या कारखान्यात. मुलगा वेदांत, पाच वर्षांचा.

वेदांतला आई गेली काय, आली काय, फरक पडायचा नाही. बाकीची लेकरं दारात आईचा पदर सोडायची नाहीत, त्या आया वैतागायच्या. "दोन मिनिटं मोकळं सोडत नाई वो हे पोट्टं!" सुनीताताई ऐकून घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, मले लय सवड असते. मी कुठंबी जाऊ शकते. तो पाहतच नाई." आणि हसल्या. ते हसणं मला बघवलं नाही.

एका दुपारी वेटिंग रूममध्ये एका बाईनं आपलं लहान बाळ सुनीताताईंच्या मांडीवर ठेवलं. "ताई, जरा धरता का? बाथरूमले जाऊन येते." बाळ गुटगुटीत, हसरं. त्यानं सुनीताताईंचं मंगळसूत्र धरलं. त्या त्याच्याशी बोलू लागल्या.

वेदांत कोपऱ्यात गाडीचं चाक फिरवत बसला होता. मी दारात उभी होते. चाक थांबलं.

तो उठला. सरळ चालत आला. बाळाचा पाय धरला आणि ओढला! मी धावले, पण बाळ सरकत खालच्या गादीवर गेलंच. लागलं नाही, पण भोकाड असं पसरलं की बाहेर रस्त्यावर ऐकू जावं. तोवर वेदांत आईच्या मांडीवर चढून बसला होता. तिचा एक हात ओढून त्यानं आपल्या पोटावर ठेवला. मग दुसरा ओढून त्यावर ठेवला.

बाळाची आई धावत आली. बाळाला उचललं आणि भडकली. "असं कसं लेकरू आहे वो तुमचं! एवढ्याशा बाळावर जळते?"

सुनीताताईंनी वर पाहिलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसू.

"काय म्हनलं, ताई?" त्या म्हणाल्या. "अजून एक डाव म्हना न!"