उष्टं, डबे दोन

आमच्या आदिलाबादच्या कॅम्पसवरचं जेवण पर्यावरणाला घातक आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर एका फ्लेक्सवरून कळलं. तोवर मी समजत होतो, ते फक्त पोटाला घातक आहे.

फ्लेक्स मेसच्या दारावर लावला होता, निम्मी खिडकी झाकून. ‘प्लास्टिकला नाही म्हणा’ असं त्यावर तीन भाषांत लिहिलेलं होतं, चकचकीत प्लास्टिकवर. तेलुगू आणि इंग्रजी ठीक होतं. मराठीत खाली आणखी एक ओळ होती, ‘आन्न वाया घालवू नका’. मी या मेसचा कारकून आणि ऑफिसातला एकटाच मराठी माणूस, म्हणून मी सांगून पाहिलं की ‘आन्न’मधला काना जास्तीचा आहे. त्यावर उत्तर आलं की एका कान्यासाठी नवा फ्लेक्स छापणं म्हणजे अपव्यय. तेव्हा काना राहिला.

हे सगळं करणाऱ्या मंडळाचं नाव हरित भोजन समिती. अध्यक्ष हैदराबादेहून यायचे. पर्यावरणाचे प्राध्यापक, मोठा माणूस, बोलणं मऊ. पहिल्या बैठकीत प्रत्येकासमोर सीलबंद पाण्याची बाटली होती आणि कागदात गुंडाळलेली बिस्किटं. पडद्यावर तीन बाणांचं एक चित्र दाखवलं, एक बाण दुसऱ्याच्या शेपटीला लागलेला आणि दुसरा तिसऱ्याच्या. निसर्गात काहीच वाया जात नाही, सगळं फिरून येतं, असा त्याचा अर्थ. मग दर बुधवारी मुलांना ज्वारी द्यायचं ठरलं, तीही फिरूनच आली. कॅम्पसच्या कुंपणापलीकडे ज्वारी उभी होती, पण आमची ज्वारी हैदराबादेहून पाकिटातून यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते असं.

आता त्या तीन बाणांचं खरं चित्र आमच्या मेसच्या मागच्या दाराशी रोज बघायला मिळत होतं. ते कुणी पाहिलं नाही, कारण त्याला बाण नव्हते.

मागच्या दाराशी काकू भांडी घासायच्या. पासष्टीच्या, तामसीकडच्या एका कुणब्याच्या घरच्या. म्हणजे माझ्या वडिलांच्याच गावच्या. लेकीचं लग्न झाल्यावर नवरा-बायको दोघं कॅम्पसलगतच्या वाडीत राहायला आले, थोडी जमीन वाट्याने करायला. मुलं जेवून उठली की ताटातला भात, पप्पू म्हणजे डाळ, टाकलेली वांगी, सगळं काकू तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत निपटून भरायच्या. वरून तांदूळ धुतलेलं पाणी. दुपारी त्यांचा नवरा सायकलच्या दोन्ही बाजूंना ते डबे अडकवून घरी न्यायचा. घरी म्हैस होती. ती एवढं खायची की मेसच्या मागे कधी माशी बसली नाही. शेण ज्वारीला जायचं. आणि आठवड्यातून दोनदा काकू ऑफिसातल्या आम्हा चौघांसाठी गाडग्यात दही आणायच्या. सुरीने कापावं असं.

“भाऊ, हे तुमच्या पोरायच्या ताटातलंच हाय बरं,” काकू हसून म्हणायच्या. “मशीन फकस्त माही हाय.”

मशीन म्हणजे म्हैस. ते दही मी चार वर्षं खाल्लं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

समितीचा पहिला मुआयना, म्हणजे पाहणी, झाला तेव्हा अध्यक्ष मागच्या दारापर्यंत आले. बरोबर वॉर्डन, दोन प्राध्यापक, फोटो काढणारा एक जण. काकू उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले. अध्यक्षांनी डब्यांकडे बोट दाखवून विचारलं की हे कुठे जातं. विचारलं इंग्रजीत. काकूंना तेलुगू जेमतेम येतं, बाजारापुरतं, आणि इंग्रजी तर फक्त ‘मिस कॉल’ एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मराठीत विचारलं. काकू म्हणाल्या, “सांगा ना भाऊ, उष्टं हाय थे. रोज नेतो मी म्हशीले.”

एवढंच वाक्य होतं. ते मला फक्त पलीकडे न्यायचं होतं. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच एका प्रोफेसरशी इंग्रजी बोलायची संधी मिळालेला मेसचा कारकून, ताठ उभा राहून म्हणालो, “सर, शी टेक्स फूड होम. डेली. टू टिन्स.”

म्हैस मी गाळली. म्हशीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत होतं, पण घाईत राहिलं. आणि उष्ट्याचं मी ‘फूड’ केलं.

अध्यक्षांनी मान हलवली. वहीत काहीतरी लिहिलं. फोटोवाल्याने काकूंचा आणि डब्यांचा फोटो काढला. काकूंनी फोटोसाठी पदर नीट केला.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. स्वयंपाकघरातून अन्न रोज बाहेर जातं, दोन डबे, खुद्द कर्मचारीच नेतात, तेव्हा गेटवर तपासणी बसवावी. दुसऱ्याच दिवशी दुपारी गेटवरच्या माणसाने सायकल थांबवली. झाकणं काढायला लावली. जेवून परतणारी मुलं थबकून बघत होती. काकूंचा नवरा सायकलचं हँडल धरून उभा राहिला. काकू मागून धावत आल्या आणि मला खिडकीतून हाक मारली.

“भाऊ! यायले सांगा नं, काय हाय थे!”

मी बाहेर गेलो. गेटवर वॉर्डनही होते. त्यांच्या हातात अहवाल होता, आणि अहवालात माझंच वाक्य होतं. मी म्हणालो, “वरून आदेश आहे, काकू.”

काकूंनी दोन्ही डबे तिथेच रस्त्याच्या कडेला ओतले. संध्याकाळी मेसच्या ठेकेदाराने त्यांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात. इथे तर चोर कुणी नव्हताच, फक्त एक दुभाषी होता.

मी गप्प का राहिलो? नोकरीची भीती, हे उत्तर सोपं आहे आणि निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं सांगायला मला बराच काळ लागला.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांची आई त्याच तामसीकडच्या गावात शेतकऱ्यांच्या दारोदार टोपली घेऊन जायची, आणि त्या टोपलीतलं खाऊन वडील लहानाचे मोठे झाले. पुढे आम्ही बौद्ध झालो, वडील शिकले, मास्तर झाले, आणि घरात त्यांनी एक शब्द बंद केला. उष्टं. पाहुणा जेवून उठला तर आई ‘ताट आवरते’ म्हणायची. आमच्याकडे ताटात काही टाकत नसत, आणि टाकलंच तर त्याला नाव नव्हतं. शाळेत मी तेलुगू माध्यमातून शिकलो. मराठी मला वडिलांनी घरी शिकवली, रोज शुद्धलेखन घालून. शेकडो शब्द घातले असतील. हा एक नाही.

तेव्हा मागच्या दाराशी काकूंनी तो शब्द सहज उच्चारला आणि मला तो चार साहेबांसमोर तोंडात घ्यावासा वाटेना. वाटलं, मी म्हटलं की ते ओळखतील. काय ओळखतील, ते मला आजही सांगता येणार नाही. मी ‘फूड’ म्हणालो आणि अगदी स्वच्छ झाल्यासारखं वाटलं.

मग यंत्र आलं. हिरव्या रंगाचं, विजेवर चालणारं, उष्ट्याचं खत करणारं. त्यात टाकायची एक भुकटी होती, ती प्लास्टिकच्या पुड्यांतून यायची. यंत्राला रसम चालत नसे. चिंचेचा चोथा चालत नसे, कढीपत्ता अडकायचा, भात फार झाला की ते गुरगुरून थांबायचं. म्हशीचे एवढे नखरे कधी नव्हते. दोन महिन्यांत मेसच्या मागे असा वास सुटला की मुलं नाकाला रुमाल लावून जेवायला लागली. त्यामुळे अन्न कमी खाल्लं गेलं आणि जास्त उरलं. ऑफिसातलं आमचं दही आता प्लास्टिकच्या कपातून येऊ लागलं. मी ते खायचो, आणि प्रत्येक कप फोडताना मला काकू आठवायच्या. हे मी पश्चात्ताप म्हणून सांगत नाही. पश्चात्ताप असता तर मी कप फोडला नसता.

पावसाळा संपता संपता दुसरा मुआयना आला. अध्यक्ष मागच्या दाराशी पोचले आणि चार पावलं मागे सरकले. यंत्र बंद होतं, भोवती ढीग. त्यांनी मला विचारलं की पूर्वी तर इथे एवढं साफ होतं, ते कसं काय? या वेळी वैतागून त्यांनी तेलुगूतच विचारलं.

आणि मला एकदम कळलं की तेलुगूत उष्ट्याला शब्द आहे. इंग्रजीत नाही, पण तेलुगूत आहे, अगदी तोच, तसाच, तोंडात घेववत नाही अशाच अर्थाचा. सगळ्या तेलुगू घरांत रोज बोलला जाणारा. मी पहिलीपासून तेलुगूत शिकलेला माणूस. मला तो पहिल्याच दिवशी येत होता.

“सर,” मी म्हणालो, “अदि अन्नम् कादु. एंगिली.” ते अन्न नव्हतं, उष्टं होतं. ती बाई ते म्हशीला नेत होती.

अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले. “एंगिली? मरि अप्पुडे चेप्पोच्चु कदा!” मग तेव्हाच सांगायचं ना! आणि हा हैदराबादचा मोठा माणूस तिथे नाक दाबून मला सांगू लागला की त्यांच्या गावी दाराशी टाकं असायचं, कुडितीचं. आई भाताचं पाणी, ताटातलं सगळं त्यात ओतायची, आणि शाळेतून आलं की ते म्हशीपुढे नेऊन ठेवायचं काम त्यांचं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द माझा होता आणि मार काकूंनी खाल्ला.

त्या बाईला परत बोलवा, डबे जाऊ द्या, असं अध्यक्षांनी वॉर्डनला सांगितलं. कागद मी स्वतः टाइप केला आणि स्वतः घेऊन गेलो. वाडीत काकू नव्हत्या. काम सुटल्यावर दोघं परत गावी गेले होते. मी आदिलाबादहून तामसीची बस धरली.

काकू अंगणात कापूस निवडत बसल्या होत्या. गोठ्यात एक वगार बांधलेली होती, म्हशीचं लहानसं पिल्लू. म्हैस नव्हती.

“इकली,” काकू म्हणाल्या. “भैंसा गावच्या बजारात. काय चारू तिले?”

मी कागद पुढे केला, वाचून दाखवला. मग ठरवून आलो होतो ते सगळं सांगितलं. तेव्हा चूक माझी झाली, मी वेगळा शब्द बोललो, म्हैस सांगितलीच नाही. त्यांनी हातातलं बोंड खाली ठेवलं.

“काऊन?”

मी सांगितलं. वडिलांचं, टोपलीचं, बंद केलेल्या शब्दाचं. त्यांच्याच गावात, त्यांच्याच अंगणात. हे बोलताना माझा आवाज चढला होता, कारण त्या टोपलीत या घरातूनही पडत असणार.

काकूंनी खाली ठेवलेलं बोंड पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, “तुमच्या आजीले मी पायलं हाय भाऊ, नवी नवरी होतो तवा. माही सासू दारातून टाके तिच्या टोपल्यात, वरून. मानसायले देत होतो आमी थे. तवा आमाले लाज नाई वाटली.” बोंडातला काडीकचरा काढत म्हणाल्या, “पन तिले कोनी चोर नाई म्हनलं. मले म्हनलं.”

मला राग आला आणि लाजही वाटली. दोन्ही खरी होती.

“येतो मी,” काकू म्हणाल्या. “वाडीतली शेती सोडली, तरी येतो बसनं. वगारीले पायजेच. पन फाटकावर मी काई बोलणार नाई. तुमी लिवून द्या कागदावर, काय हाय थे. आपल्या मराठीत लिवा. दुसरं काई नोका लिवू.”

सोमवारी काकू आल्या. वगार दूध द्यायला अजून दोन-तीन वर्षं तरी आहेत, तोवर दही कपातूनच येईल. समितीने आपल्या नव्या अहवालात ‘स्थानिक पारंपरिक प्रयोग’ म्हणून डब्यांचा फोटो घातला, तोच जुना, पदर नीट केलेला. त्याला आता तीन बाण जोडलेत.

त्या सोमवारी दुपारी काकू डबे घेऊन माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मी गेट पासचं पुस्तक उघडलं. तारीख लिहिली, त्यांचं नाव लिहिलं. ‘वस्तू’ असं छापलेलं होतं त्याच्यापुढे पेन टेकवलं आणि थांबलो. मास्तरांचा मुलगा मी, दुसऱ्यांच्या फ्लेक्सवरचा काना काढायला निघालेला. मला तो शब्द कसा लिहितात ते आठवेना. आठवणार कसं, मी तो कधी लिहिलाच नव्हता. मी आधी ‘उश्टं’ लिहिलं, खोडलं, मग ‘ष’ घातला.

उष्टं, डबे दोन.

काकूंना वाचता येत नाही. त्यांनी खोडलेलं बघितलं आणि खिडकीतून वाकून विचारलं, “बराबर लिवलं नं, भाऊ?”

“हो,” मी म्हणालो, आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.