पहिली हाक

कॉलेजच्या वाचनालयात माझ्यासमोर ग्रंथपालबाईंची नववीतली मुलगी सई भुताचं पुस्तक वाचत खुदुखुदु हसत होती. हसता हसता तिने दोन्ही पाय हळूच खुर्चीवर ओढून घेतले.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"छे! यातलं भूत आंघोळीला घाबरतं, दादा."

"मग पाय वर का?"

"टेबलाखालच्याने हे पुस्तक वाचलं नसेल ना!"

मलाही हसू आलं. हसण्याने भीती जात नसावी. फक्त थोडा वेळ भीतीच्या शेजारी बसता येत असावं. आमच्या घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. निघताना आई म्हणाली होती, "पहिल्या हाकेला ओ देऊ नकोस. ते एकदाच हाक मारतं. माणूस पुन्हा मारतो." हे सांगून मी इथल्या मित्रांना खूप हसवलंय.

इतक्यात मागच्या कपाटांमधून कुणीतरी माझं नाव घेतलं.

"दादा, तुला बोलावतायत," सई म्हणाली.

ओठांवर आलेला ओ मी गिळला. "पुन्हा बोलावतील."

आम्ही वाट पाहिली. सईने पुस्तक मिटलं. दुसरी हाक आली नाही, आणि माझेही पाय खुर्चीवर कधी आले ते मला कळलं नाही.